अमेरिका बाहेर पडली तेव्हा आणि आत वळते आहे तेव्हा

1954 च्या उन्हाळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवीत होते. आमचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्या प्रचारात बाबासाहेबांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला परराष्ट्र धोरणाचे काय, असे प्रस्थापित पंडित आजही विचारतात. बाबासाहेब ती निवडणूक हरले. पण त्याच उन्हाळ्यात, 17 मे रोजी, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसविणे घटनाबाह्य ठरविले आणि दोनच दिवसांनी अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध? आमच्या मते फार जवळचा आहे.

'आपण भले आणि आपले घर भले' हे अमेरिकेचे जुने धोरण. परकीयांशी कायमच्या युती करू नका, असा सल्ला जॉर्ज वॉशिंग्टनने 1796 मध्ये देऊन ठेवला होता. अर्थात हे सोवळे फक्त युरोपपुरते होते. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध करून फिलिपाईन्स गिळताना ते कोणाला आठवले नाही!

बाबासाहेब 1913 च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि 1916 च्या जूनपर्यंत न्यूयॉर्कमध्ये राहिले. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि अमेरिका काठावर उभी होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन 1916 ची निवडणूक 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले' या प्रचारावर जिंकले आणि 6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका युद्धात उतरली! जगात लोकशाही सुरक्षित करायची, अशी घोषणा झाली. ही घोषणा करणाऱ्या विल्सन यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसविले जात होते. सवर्ण पुढाऱ्यांच्या तोंडी स्वराज्य आणि वाड्यात विटाळ, हे पाहिलेल्या आम्हाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

युद्ध संपले आणि अमेरिका पुन्हा घरात शिरली. विल्सन यांनीच पुढाकार घेतलेल्या राष्ट्रसंघात जाण्यास त्यांच्याच सिनेटने नकार दिला. 1935 ते 1937 या काळात तटस्थतेचे कायदे एकामागून एक झाले. हिटलर वाढत होता आणि अमेरिका कडी लावून बसली होती. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले तेव्हा कुठे कडी निघाली. यावेळी ती पुन्हा लागली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालयच न्यूयॉर्कला आले.

जगाचा न्याय करायला जो चव्हाट्यावर येतो, त्याच्या घरातली भांडणेही चव्हाट्यावर येतात. हे काळ्या नेत्यांनी लगेच हेरले आणि आपली कैफियत त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अशा अर्जाची प्रत मागविली. अस्पृश्यांनीही तसेच करावे, हा विचार त्यामागे होता. पुढे डिसेंबर 1952 मध्ये अमेरिकन न्यायखात्यानेच सुप्रीम कोर्टाला सांगितले की वर्णभेदामुळे परदेशात देशाची नाचक्की होते आणि कम्युनिस्टांच्या प्रचाराला खतपाणी मिळते. 17 मेच्या निकालामागे हेही वजन होते. पाकिस्तानशी करार ज्या शीतयुद्धापोटी झाला, त्याच शीतयुद्धाने शाळेचे दारही ढकलले.

म्हणून अमेरिका पुण्यवान ठरत नाही. व्हिएतनाम, 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात आलेले सातवे आरमार, 2003 चे इराक हे सारे आमच्या लक्षात आहे. बाबासाहेबांनीही कोणाची भाटगिरी केली नाही. 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी साधा हिशेब मांडला होता : 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्र उरलेले नाहीत. धोरण चुकले की पोट कोणाचे मारले जाते, हे त्यांनी आकड्यांत दाखविले.

आता 2025 चा जानेवारी पाहा. 20 तारखेला ट्रम्प यांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. 21 तारखेला, सरकारी ठेकेदारांना नोकरभरतीत भेदभाव न करण्याचे बंधन घालणारा 1965 चा आदेश रद्द केला. फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेकडे पाठ फिरविली. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर 50 टक्के आयातकर लावला, तेव्हा आपली वृत्तपत्रे रकानेच्या रकाने भरून ओरडली. 21 जानेवारीच्या आदेशावर किती ओळी आल्या? बाहेरचे दार आणि आतले दार एकाच आठवड्यात लोटले गेले, ही गोष्ट आमच्या दृष्टीने आयातकरापेक्षा मोठी आहे.

कारण हे दार आमच्याही कामाचे होते. 2001 च्या डर्बन परिषदेत भारत सरकारने जात हा अंतर्गत प्रश्न म्हणून विषयपत्रिकेवर येऊ दिला नाही, तरी आमचे कार्यकर्ते तिथे जाऊन बोलले. 2023 च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसेच विधेयक परत पाठविले. महासत्ता व्हायला निघालेल्या भारताला जगाची लाज वाटावी, ही आमची एक वकिली होती. आता लाज वाटून घेण्याजोगे जगच आवरते घेत असेल तर?

वकील म्हणून एक सांगावेसे वाटते. ड्यू बॉइस यांनी 1947 मध्ये दाखल केलेल्या अर्जावर संयुक्त राष्ट्रांनी काहीही केले नाही. 1954 चा निकाल मिळविला तो थरगुड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षानुवर्षे गावोगावच्या शाळांचे खटले उभे करून. आमच्या शेजारच्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी जे घडले त्याची वार्ता जगभर गेली. तरीही 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आरोपींना शिक्षा देताना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असेच म्हटले. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा, हा 1995 च्या नियमांतला नियम क्रमांक 7 आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक प्रकरणात तो पाळला गेला की नाही, हे पाहण्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागत नाही.