दांत्यांचा हिशेब

जुन्या मोटारसायकलीवरून दूरचा प्रवास करणारांस एक मोह नेहमीं होतो: मागच्या चाकाचें दंतचक्र बदलावें, म्हणजे एंजिन शांत चालेल. बर्लिनमध्यें १९६९ ते १९७३ या काळांत तयार झालेली बी. एम. डब्ल्यू. ‘आर ६०/५’ ही गाडी उदाहरणादाखल घेऊं. हिला सांखळी नाहीं. फिरत्या दांड्याच्या टोंकाचें ११ दांत्यांचें चक्र चाकाजवळील ३७ दांत्यांच्या चक्रास फिरवितें. हें प्रमाण ३.३६ होय. तिच्या थोरल्या बहिणीची, ‘आर ७५/५’ची, १० व ३२ दांत्यांची जोडी बसविली कीं प्रमाण ३.२० होतें, व ताशीं १०० किलोमीटर वेगास एंजिनाचे फेरे मिनिटास सुमारें ४२०० वरून ४००० वर येतात. कानास सुख होतें, हें खरें.

परंतु चाकास मिळणारा जोरही शेंकडा पांचांनीं घटतो. थोरलीचें एंजिन ५० अश्वशक्तीचें, धाकटीचें ४०. मागें माणूस, बाजूस सामान आणि पुढें आल्प्सचा घाट असल्यास चौथा गिअर सोडून तिसरा घ्यावा लागतो. मग शांतता कोठली?

दुसरी गोष्ट जिवाशीं निगडित आहे. वेगदर्शकाची तार गिअरपेटींतून निघते. तो वेगदर्शक न बदलल्यास कांटा १०० दाखवील तेव्हां खरा वेग १०५ असेल. शिवाय दोन्ही चक्रें जोडीनेंच बदलावीं, व त्यांतील फट पातळ चकत्यांनीं नेमकी साधून घ्यावी. एरवीं दांते लवकर झिजतात.

सारांश, सपाट रस्त्यावर एकट्यानें हिंडणारानें बदल खुशाल करावा. सपत्नीक डोंगर चढणारानें मूळचेंच प्रमाण ठेवावें, हें बरें.