एकादशीची भगर, रात्रीची सलाईन : महाप्रसादातली विषबाधा थांबणार कधी?

विशेष विश्लेषण

फेब्रुवारी २०२४ मधल्या दोन एकादशी आठवून बघा. ६ फेब्रुवारीला नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला कार्यक्रम होता. भगरीचा महाप्रसाद झाला आणि पहाटेपर्यंत आजूबाजूच्या गावांतून उलट्या-जुलाबाचे पेशंट यायला लागले. आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. बरोबर चौदा दिवसांनी, २० फेब्रुवारीच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा इथं तोच प्रकार. पुन्हा भगर-आमटी, पुन्हा शेकडो लोक आजारी. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या अडकवल्या, ते फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आले होते.

दोन्ही ठिकाणी डॉक्टर, नर्सताई, गावातली पोरं रात्रभर धावली. प्रश्न त्यांच्या धावपळीचा नाहीच. प्रश्न असा की, एका एकादशीला जे घडलं ते पुढच्याच एकादशीला दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा का घडतं?

'विषबाधा' म्हटलं की विषय संपतो

अशा घटनेनंतर बातमी बहुतेक एकाच वाक्यात संपते : 'अन्नातून विषबाधा, सर्वांची प्रकृती स्थिर.' पण विषबाधा म्हणजे नेमकं काय? भगरीला बुरशी होती? पाणी खराब होतं? आमटी सकाळची होती? की वाढणाऱ्याच्या हाताला जखम होती? ही चार वेगवेगळी कारणं आहेत आणि चारींचे उपायही वेगळे आहेत. कारणच कळलं नाही, तर पुढच्या गावाला सांगणार काय?

कारण सापडलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण बिहारचं आहे. १६ जुलै २०१३ ला सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते तेलातून आलं होतं. म्हणजे स्वयंपाकाचं तेल आणि फवारणीचं औषध एकमेकांजवळ आलं, की काय होतं ते देशाला कळलं. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची, या नियमाकडं त्यानंतर शाळाशाळांत गांभीर्यानं बघायला लागले. आपल्या शेतकऱ्यांच्या घरात आजही औषधाचा रिकामा डबा धुऊन वापरला जातो. तो धडा आपल्यासाठीसुद्धा आहे.

भंडाऱ्यात मात्र उलटं होतं. लोक आजारी पडले की घाबरून नाहीतर लाजेनं उरलेलं अन्न आधी खड्ड्यात जातं, भांडी घासली जातात. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी येईपर्यंत तपासायला काही उरतच नाही.

मोठ्या भांड्यातली गडबड

आपल्याला वाटतं, खळखळून उकळलं म्हणजे सगळं मेलं. तसं नसतं. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही टिकतात. पन्नास माणसांची आमटी लवकर निवते, पण पाचशे माणसांचं पातेलं वरून गार आणि आतून तासन्‌तास कोमट राहतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान जंतूंना वाढायला सगळ्यात सोयीचं. दुपारी केलेली आमटी कीर्तन संपल्यावर रात्री दहाला वाढली, तर मधले सात-आठ तास जंतूंचीच पंगत बसलेली असते. काही जंतू अन्नातच विष सोडतात. नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही.

भगरीचं आणखी वेगळं. ओलसर हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. म्हणूनच नवरात्र, महाशिवरात्र, आषाढी आली की प्रशासन सांगतं : सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ घेऊ नका. पाकीटबंद, तारीख बघून घ्या, निवडून-धुऊन घ्या, लागेल तेवढीच ताजी शिजवा. शिवाय भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, त्यात दिवसभराचा उपास. पोटावर ताण येतोच.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. ५ ऑगस्ट २०११ पासून तो देशभर लागू झाला. 'आम्ही कुठं धंदा करतो, आम्ही तर प्रसाद वाटतो,' असं मंडळं म्हणतात. पण कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या 'नफ्यासाठी असो वा नसो' अशी आहे. धार्मिक, सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांचाही नोंदणीच्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. किती मंडळांना हे माहीत आहे? आणि तालुक्यातल्या किती आचाऱ्यांकडं नोंदणी आहे? हा प्रश्न गावानं विचारायला पाहिजे, तसा प्रशासनानंही स्वतःला विचारायला पाहिजे. घटना घडल्यावर नमुने घ्यायला येण्यापेक्षा सप्ताहाच्या आधी, बाजाराच्या दिवशी किराणा दुकानातली सुटी भगर तपासली तर जास्त उपयोग होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळं जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत जवळपास तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या पोरांचा. आपल्या देशात साथीची माहिती खालून वर जाते : आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा, मग राज्य आणि केंद्र. गावातच माहिती दडपली, तर दिल्लीतल्या कागदावर ती येणार कुठून?

पुढच्या भंडाऱ्याआधी एवढं करा

१. सामान एकाच दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. बिल जपून ठेवा. भगर खराब निघाली तर माल कुठून आला ते त्यावरूनच कळतं.

२. टाकी किंवा टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली का, हे ग्रामपंचायतीच्या माणसाला आदल्या दिवशीच विचारा.

३. वाढायच्या वेळेचा हिशेब करून शिजवा. शिजल्यापासून दोन तासांत पंगत बसली पाहिजे. उशीर होणार असेल तर अन्न वाफाळतं गरम ठेवा. एका मोठ्या पातेल्यापेक्षा दोन-तीन घाण्यांत करा.

४. हाताला जखम किंवा जुलाब असलेल्यानं त्या दिवशी स्वयंपाकाला आणि वाढायला हात लावू नये. राग धरू नये, दुसरी सेवा द्यावी.

५. पंगत बसण्याआधी प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी स्वच्छ डब्यात घालून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा.

६. त्रास झालाच तर १०८ ला फोन करा, ओआरएस सुरू करा, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना आधी दवाखान्यात न्या. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे लिहून ठेवा. दोन-चार तासांत उलट्या आणि दहा-बारा तासांनी जुलाब, यांची कारणं बहुतेक वेगळी असतात. डॉक्टरांना त्यावरून दिशा मिळते. उरलेलं अन्न फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५.

यात पाचवा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे आणि तोच कुणी करत नाही. नमुना ठेवला म्हणजे आचाऱ्यावर संशय घेतला असं नाही. उलट अन्न चांगलं होतं आणि दोष पाण्याचा होता, हे सिद्ध करायला आचाऱ्याला तोच डबा कामी येईल.

पुढच्या एकादशीला कुठल्यातरी गावात पातेलं चढणारच आहे. चढावंच, ती आपली रीत आहे. फक्त त्या पातेल्याशेजारी एक छोटा डबाही ठेवा.