मांजराचा आवाज ओळखताना

मुरुमसारख्या बाजारपेठेच्या गावात धान्याच्या दुकानात वा घराच्या ओसरीवर मांजर सहज दिसते. एकाच आईच्या पिल्लांपैकी एखादे सतत म्याव म्याव करते, तर दुसऱ्याची घुरघुर अंगावर हात ठेवल्यावरच कळते. हा भेद स्वभावाचा, जातीचा आणि सवयीचा असतो. सयामी मांजरे विशेष बोलकी. मोठी मांजरे आपसांत क्वचितच म्याव करतात. ती हाक मुख्यतः माणसासाठी असते आणि प्रतिसाद मिळेल तशी वाढते.

घुरघुर स्वरयंत्रात उमटते, श्वास घेताना आणि सोडतानाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधील मर्लिन या मांजराची घुरघुर ६७.८ डेसिबल नोंदली गेली. आपल्या साध्या संभाषणाहून मोठी.

मात्र घुरघुर म्हणजे सुखच, असे नव्हे. आजारी वा जखमी मांजरही घुरघुरते. म्हणून तुलना शेजारच्या मांजराशी न करता त्याच्याच कालच्या आवाजाशी करावी. बोलके मांजर एकाएकी गप्प झाले किंवा म्हातारे मांजर रात्री मोठ्याने ओरडू लागले, तर त्याच्यावर रागावू नये. बहिरेपण वा थायरॉइडचा विकार असू शकतो. बोका लघवीसाठी वारंवार बसून कण्हत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. तेथे विलंब जिवावर बेततो.