आरोग्यचर्चा : रक्तांतील स्नेह

हृदयाचा विकार हा लोडास टेंकून बसणाऱ्या सुखवस्तु शहरी माणसाचा, आणि शेताच्या बांधावर राबणारा मनुष्य त्यापासून मुक्त, अशी एक समजूत आपल्या घरोघरीं रूढ आहे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे ही समजूत किती कच्च्या पायावर उभी आहे, हें ध्यानांत येतें. माहुलीच्या पायथ्याचीं भातखाचरें आणि माळशेज घाटाखालचे नाचणी-वरीचे उतार वरवर पाहतां पूर्वींचेच आहेत. परंतु आसनगांवाहून गाडी धरून कल्याण-ठाण्यास नोकरीस जाणारा मुलगा, मुरबाडच्या कारखान्यांतील रात्रपाळी, घाण्यावरच्या खुरासणीच्या तेलाऐवजीं आलेली दुकानांतील तेलाची पिशवी आणि दारांत उभी राहिलेली मोटारसायकल, ह्यांनीं तेथील दिनचर्या पालटून टाकली आहे. तानसा आणि भातसा येथील पाणी शहापूर तालुक्यांतून मुंबईस जातें. मुंबईची राहणी त्याच वाटेनें उलट येते. ज्यांचें जुनें घर, शेती वा आप्तजन ह्या भागांत आहेत, अशा वाचकांनीं तरी ह्या विषयाचा स्वस्थपणें विचार करावा, एवढ्यासाठीं हा लेख.

आपल्या जुन्या वैद्यकांत तूप-तेलास ‘स्नेह’ म्हणतात. हा स्नेह शरीराचा वैरी नव्हे. कोलेस्टेरॉलावांचून पेशींचें आवरण बनत नाहीं आणि पित्तरसहि नीट उत्पन्न होत नाहीं. त्याचा बराचसा भाग तर आपलें शरीर स्वतःच तयार करतें. परंतु स्निग्ध पदार्थ पाण्यांत विरघळत नाहींत. म्हणून त्यांची रक्तांतून ने-आण करण्यासाठीं प्रथिनांनीं वेष्टिलेल्या सूक्ष्म कणांची योजना निसर्गानें केली आहे. त्यांपैकीं एल. डी. एल. नांवाचे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोंचवितात. त्यांची संख्या फाजील झाली कीं ते रोहिणीच्या भिंतींत शिरून अडकतात, तेथें दाह होतो आणि वर्षानुवर्षें थर चढत जातो. एके दिवशीं तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. एच. डी. एल. हे कण उलट दिशेनें, म्हणजे यकृताकडे, कोलेस्टेरॉल परत नेण्यास साह्य करतात. ट्रायग्लिसेराइड हा साठवणीचा स्नेह. भात, साखर, पोळी ह्यांचें सेवन गरजेपेक्षां जास्त झालें कीं यकृत तो अधिक बनवूं लागतें.

हा संबंध शास्त्रज्ञांस एका दिवसांत उमगला नाहीं. १९१३ सालीं रशियांत निकोलाय अनिच्कोव ह्यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत असेच थर उत्पन्न करून दाखविले. ससा हा तृणाहारी प्राणी. त्यामुळें पुष्कळांनीं तें मनावर घेतलें नाहीं. १९४८ पासून अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या हजारों रहिवाशांची प्रकृति वर्षानुवर्षें तपासण्यांत आली, आणि ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक त्यांस हृद्रोगहि अधिक, असें माणसांतच दिसून आलें. पेशी रक्तांतून एल. डी. एल. कसें उचलतात, हें ब्राउन व गोल्डस्टीन ह्या जोडीनें उलगडलें. त्याबद्दल १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शेवटची शंका फिटली ती १९९४ मध्यें. स्कॅन्डिनेव्हियांतील ४,४४४ हृद्रोग्यांपैकीं निम्म्यांस स्टॅटिन औषध दिलें आणि निम्म्यांस नुसती औषधहीन गोळी. सुमारें साडेपांच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकीं २५६ दगावले, तर घेणाऱ्यांपैकीं १८२. तेव्हां एल. डी. एल. हें केवळ रोगाचें चिन्ह नसून रोगाचें कारणहि आहे. एच. डी. एल. ची गोष्ट निराळी. तें कमी असणें हें धोक्याचें लक्षण खरें. पण औषधानें तें वाढवून झटके टळतात, असें कांहीं सिद्ध झालें नाहीं.

आतां आपल्याकडची स्थिति पाहूं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींत महाराष्ट्र, तमिळनाडु, झारखंड व चंदीगड येथील शहरी व ग्रामीण लोकांचें रक्त तपासलें गेलें. मुंबईचे डॉ. शशांक जोशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१४ सालीं त्याचे आंकडे प्रसिद्ध केले. शंभरांपैकीं ७९ जणांच्या रक्तांत कोणता तरी एक स्निग्धांश बिघडलेला होता. त्यांतहि एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारें १४ च, परंतु एच. डी. एल. कमी असलेले ७२, आणि ट्रायग्लिसेराइड वाढलेले सुमारें ३०. म्हणजे ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे’ एवढें ऐकून निश्चिंत होणें आपणांस परवडणारें नाहीं. २००७ सालीं नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व इतरांनीं दक्षिण आशियांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत आपल्याकडील माणसास हृदयाचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं आलेला दिसला, इतर देशांत तो जवळजवळ ५९ व्या वर्षीं. हीं सहा वर्षें कोणतीं? मुलांचीं शिक्षणें पुरीं व्हावयाचीं असतात, घराचें कर्ज फिटावयाचें असतें, तीं.

अंगलट सडपातळ असली म्हणजे भय नाहीं, हाहि भ्रमच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण जगापुढें मांडलें. दोघांचें उंचीच्या मानानें वजन अगदीं सारखें. पण युडकिन ह्यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरांत २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतहि त्यांस हाच प्रकार आढळला: वजन कमी, हातापायांच्या काड्या, पण त्या मानानें मेद राखून ठेवलेला. शहापूरच्या वाटेवर भेटणारा कृश मनुष्य निरोगीच असेल, असें त्याच्या बरगड्या पाहून ठरवूं नये.

तपासणीचा कागद हातीं आला म्हणजे तो कसा वाचावा? एल. डी. एल. शंभराच्या आंत असावें. १९० वा अधिक असल्यास दोष आनुवंशिक असण्याचा बळकट संशय घ्यावा. एच. डी. एल. पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० हून कमी नसावें. ट्रायग्लिसेराइड १५० च्या आंत असावीं. एकूण कोलेस्टेरॉलांतून एच. डी. एल. वजा करून उरणारा आंकडा १३० च्या आंत असावा. हें गणित घरांतील शाळकरी मुलगाहि करील, आणि तें मोठें उपयोगी आहे. ज्यांस मधुमेह आहे वा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठीं ह्याहून कडक मर्यादा वैद्य घालून देतील. पहिल्या तपासणीसाठीं उपाशीं राहण्याची बहुधा गरज नसते. तेव्हां टोकावड्याच्या आजोबांस पहाटेच्या एस. टी. नें रिकाम्या पोटीं आणूं नये. ट्रायग्लिसेराइड फार वाढलेलीं निघालीं, तरच ती उपाशीं पुन्हां करावी.

स्वयंपाकघराकडे वळूं. शाकाहारी घर म्हणजे सुरक्षित घर, हें खरें नव्हे. वरणभातावर चमचाभर साजूक तूप घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु तेंच तूप पोळीवर, शिऱ्यांत, लाडवांत आणि पुन्हां पुरणपोळीवर ओतलें जातें, तेव्हां त्याचा हिशेब व्हावयास हवा. माणशीं महिन्यास अर्ध्या लिटराहून अधिक तेल लागूं नये. तळणीचें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये. १९३७ पासून आपल्या डब्यांत शिरलेलें वनस्पति तूप स्वस्त म्हणून वापरलें गेलें. त्यांतील कृत्रिम ट्रान्स मेद एल. डी. एल. वाढवितो आणि एच. डी. एल. घटवितो. जानेवारी २०२२ पासून कायद्यानें त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी उघड्यावरच्या तळणीपासून दूर राहणेंच बरें. उपासाच्या दिवशीं तळलेले साबुदाण्याचे वडे खाऊन पुण्य लाभत असेल, आरोग्य लाभत नाहीं. मुरबाडकडील जुन्या ताटांतील नाचणीची भाकरी, उडदाचें वरण, पावसाळी रानभाज्या आणि वाल हें सगळें आजहि उत्तम. आणि तंबाखू किंवा मिश्री सोडल्यावांचून ह्या साऱ्या पथ्याचें अर्धें फळ वायां जातें.

एकत्र कुटुंबास आमचें विशेष सांगणें आहे. ज्या घरांत आजोबा, चुलते वा मामा पन्नाशीच्या आंत ‘छातींत कळ येऊन’ गेले, त्या घरानें तें दैव म्हणून सोडून देऊं नये. एल. डी. एल. जन्मतःच वाढविणारा आनुवंशिक दोष सुमारें अडीचशें ते तीनशें माणसांत एकास असतो. लायपोप्रोटीन (ए) नांवाचा आणखी एक कण तर मुख्यतः वंशानेंच ठरतो, आणि त्याची तपासणी आयुष्यांत एकदां केली तरी पुरते. एकाचा दोष सांपडला कीं भावंडांची व मुलांची तपासणी करावी. घरांतील स्त्रिया ह्यांत नेहमीं मागें राहतात. कर्त्या पुरुषाचे कागद कपाटांत जपून ठेवलेले असतात. ज्या सासूबाईंनीं वा वहिनींनीं त्याचें पथ्य सांभाळलें, त्यांचें रक्त एकदांहि तपासलेलें नसतें. आणि वैद्यानें स्टॅटिन दिलें असतां ‘संवय लागेल’ म्हणून तें परस्पर बंद करूं नये. स्नायू दुखूं लागल्यास त्यांसच विचारावें.

गांवीं राहणाऱ्यांच्या बाबतींत हा विचार अधिक निकडीचा आहे. मुरबाडाहून कल्याण सडकेनें पंचवीस-तीस किलोमीटर, आणि घाटाखालच्या वाडीहून त्याच्याहि दुप्पट. छातीवर दडपण, डाव्या हातांत वा जबड्यांत कळ, घाम, स्त्रियांत कधीं नुसताच दम आणि मळमळ, हीं लक्षणें दिसतांच पित्त म्हणून ओवा चावीत न बसतां १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. झटका आल्यावर ही वाट फार लांब वाटते. तपासणीसाठीं एस. टी. नें जातांना तीच वाट एका सकाळचें काम असतें. तेव्हां त्या सकाळीं आपल्या वृद्धांबरोबर शेतावरचा गडी आणि त्याची बायको ह्यांसहि न्यावें. त्यांच्या रोहिण्या आपल्याहून निराळ्या नाहींत.

पुढील अंकीं रक्तदाबाचा विचार करूं.