ओकला चिकट पट्टा नको

ऑक्टोबर आला की ब्रिटनमधल्या दुकानांत झाडाच्या खोडाला गुंडाळायचे चिकट पट्टे दिसू लागतात. ते मुख्यतः विंटर मॉथ या पतंगासाठी असतात. सफरचंदाला बांधा, माझी तक्रार नाही. त्याच्या अळ्या कळ्या आणि कोवळी फळं खरंच खातात. पण बागेत ओक असेल तर त्याला सोडून द्या.

पट्टा चालतो, कारण या पतंगाच्या मादीला पंख नावापुरतेच असतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत ती मातीतल्या कोषातून बाहेर येते आणि चालत खोडावर चढते. उडतो तो नर. सालीच्या भेगांत अंडी घातली की तिचं काम संपलं. अंडी फुटतात वसंतात, ओकच्या कळ्या उमलण्याच्या सुमारास, आणि इथे सगळा खेळ दिवसांचा आहे. अळी लवकर बाहेर आली तर उपाशी मरते. उशिरा आली तर पानं जून होऊन त्यांत टॅनिन वाढलेलं असतं आणि तिची वाढ खुंटते. ज्या निभावतात, त्या मे-जूनमध्ये खाली उतरून मातीत कोष करतात. अर्थात त्याआधी टिट पक्ष्यांच्या चोचीत सापडल्या नाहीत तर! पिल्लांचं पोट याच अळ्यांवर भरतं.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात व्हार्ली आणि ग्रॅडवेल यांनी १९५० ते १९६८ हे पतंग दरवर्षी मोजले. सर्वांत मोठी गळती अंडी आणि कळ्यांची वेळ चुकल्याने होते. आणि कोष जास्त झाले की मातीतले भुंगेरे आणि चिचुंद्र्या त्यांतला मोठा वाटा खाऊन टाकतात. म्हणजे आवर घालणारे हजर आहेतच. ओकही उन्हाळ्यात नवी पालवी काढतो.

त्यात आता वसंत उबदार झाले. नेदरलँड्समध्ये अंडी कळ्यांच्या आधीच फुटू लागली होती. पुढे काही पिढ्यांतच ती उशिरा फुटणारी झाली, हे डच संशोधकांनी दाखवलं. हा बदल घडायला पतंग भरपूर असावे लागतात, हेही लक्षात घ्या.

अमेरिका-कॅनडातल्या वाचकांसाठी मात्र सल्ला वेगळा. तिथे हा पतंग युरोपातून आलेला पाहुणा आहे, त्याने ओक खरोखर मारले आहेत. नोव्हा स्कोशियात १९५०च्या दशकात आणि नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला आवरायला मूळची युरोपातलीच एक परजीवी माशी सोडावी लागली.