बारा व्होल्टची ओळ

"मामा, परत गेला!"

दिवाळीनंतरचे दोन आठवडे रोज रात्री माडीवरून ही हाक यायची. बहिणीचा मुलगा शिकायला आमच्याकडे छत्रीबागेत राहतो. शिकवण्या घेऊन त्यानं दीड वर्ष पैसे साठवले आणि आरटीएक्स 3070 हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेही वापरलेलं. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. मग पडदा काळा, पंखे क्षणभर गप्प, आणि कॉम्प्युटर आपला पुन्हा पहिल्यापासून सुरू. ना निळा पडदा, ना काही सूचना. इंटरनेट बघा, अभ्यास करा, सिनेमा लावा, तेव्हा मात्र कधीच नाही.

कार्ड विकणाऱ्या दुकानदारानं ऐकून घेतलं आणि विंडोज नव्यानं टाकायला सांगितलं. पोरानं तेही केलं. तरी हाक थांबली नाही. वापरलेलं कार्ड घेतलं म्हणून तो स्वतःलाच दोष देत बसला होता. ते बघवेना, तेव्हा रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर मी मीटर काढला. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, हात अजून विसरलेले नाहीत.

विंडोजच्या नोंदींत प्रत्येक वेळी एकच ओळ होती: कर्नल-पॉवर, 41. ही नोंद पाहून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की यंत्र नीट बंद न होता मध्येच थांबलं. का थांबलं, ते ती सांगत नाही. कार्डाचं तापमान अडुसष्ट अंशांच्या वर जात नव्हतं. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर समूळ काढून नवे टाकले, फरक नाही. यूपीएस मध्ये नको म्हणून प्लग थेट भिंतीत लावला, तरी तेच. मग एका सॉफ्टवेअरनं कार्डाची वीज साठ टक्क्यांवर बांधली. तासभर गेम चालला, दोन तास चालला. कार्ड निर्दोष होतं! पोराचा चेहरा तेव्हा जो उजळला, तो मला फार दिवस आठवेल.

आता उरला तो कॅबिनेटच्या कोपऱ्यातला, कधी कोणी न उघडलेला डबा. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा. तो कॅबिनेटबरोबरच आला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 500 वॅट लिहिलेलं. पण खाली बारीक तक्ता असतो, तो वाचायचा. त्यात बारा व्होल्टच्या ओळीपुढे 20 अँपिअर होते. बारा गुणिले वीस, म्हणजे 240 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली वीज याच ओळीवरून घेतात. बाकीचे आकडे 3.3 आणि 5 व्होल्टचे, आजच्या कॉम्प्युटरला त्यांचा उपयोग थोडाच.

पोराचं आधीचं कार्ड जीटीएक्स 1050 टीआय होतं. त्याला 75 वॅट पुरत, आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. नव्याला 220 वॅट लागतात. त्यात प्रोसेसरचे 65 मिळवा, झाले 285. शिवाय 220 ही सरासरी. गेममध्ये एखादा स्फोट झाला, दृश्य झपकन बदललं, की हे कार्ड काही मिलिसेकंद त्याहून बरीच जास्त वीज ओढतं. अशा झटक्यांसाठीच 2022 मध्ये एटीएक्स 3.0 हे नवं मानक आलं. त्यानुसार एसएमपीएसनं आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार शंभर मायक्रोसेकंद तरी सोसला पाहिजे. आमच्या डब्याला हे कुठून झेपणार?

मीटरची एक पिन बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीत, दुसरी काळ्यात. गेम सुरू. 11.9, 11.7, 11.5... बारा व्होल्टमध्ये पाच टक्के घट चालते, म्हणजे 11.4 पर्यंत. काटा 11.3 ला टेकला आणि पडदा गेला. मदरबोर्डला जाणारी एक करडी वायर असते, वीज ठीक आहे असा निरोप एसएमपीएस त्या वायरीवरून देत राहतो. निरोप तुटला की मदरबोर्ड सगळं थांबवतो, आणि परत आला की नव्यानं सुरुवात करतो. म्हणून हा रीस्टार्ट. पोरानं वाकून ती करडी वायर बोटानं चाचपून पाहिली.

मित्राचा 750 वॅटचा एसएमपीएस आणून लावला आणि त्या रात्री माडीवर शांतता होती. नंतर पोरानं स्वतःचा घेतला. कार्डाला वीज देणाऱ्या दोन वेगळ्या केबल लावल्या, एकाच केबलची दोन टोकं नाहीत. 600 व्हीएचा यूपीएसही बदलावा लागणार आहे, तो जेमतेम 360 वॅट देतो.

मला राग आहे तो एका गोष्टीचा. कार्ड विकताना "तुझा एसएमपीएस कोणता?" हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. या कार्डासाठी 650 वॅटचा एसएमपीएस हवा, हे कंपनीनंच सांगून ठेवलंय. दीड वर्षाच्या शिकवण्यांचे पैसे समोर ठेवणाऱ्या मुलाला तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

या खटाटोपात आणखी एक गोष्ट हाती लागली. उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. आमचं वायरिंग वडिलांच्या काळातलं, माडीवरच्या प्लगला अर्थिंगच नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जायला वाट नसली की ती पत्र्यावर येऊन बसते. रीस्टार्टशी तिचा संबंध नव्हता, पण हे त्याहून गंभीर. पोरगं दोन वर्षं ते अंगावर घेत होतं आणि बोललं नव्हतं.

काल वायरमन येऊन गेला. अंगणात खड्डा खणून झालाय, तांब्याची पट्टी सोमवारी येईल. तोवर कॉम्प्युटर बंद, आणि जुना डबा जिन्याखाली ठेवलाय. त्याच्यावर पोरानं मार्करनं लिहिलंय: 12 व्होल्ट, 240 वॅट फक्त.