मधल्या मुलाचा पगार

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्या जवळ आल्या की वर्तमानपत्राचं पहिलं पान बातम्यांचं राहत नाही, कॉलेजांचं होतं. याही आठवड्यात झालं. काचेची इमारत, टाय लावलेली मुलं आणि खाली लठ्ठ अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज'. जाहिरातींशी या सदराचं जुनं वाकडं आहे, हे वाचक जाणतातच. पण यंदाची तक्रार इमारतीबद्दल नाही, त्या आकड्याबद्दल आहे. गावातला एक पोरगा फौजदार झाला की चौकात फ्लेक्स लागतो, ते ठीकच. पण त्यावरून अख्खा गाव पोलिसात गेला असं कोणी धरत नाही. कॉलेजच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं नेमकं तेच धरतात आणि त्या धरण्यावर कर्ज काढतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं. अशा संस्थांत जागा मोजक्या आणि मागणी अफाट, म्हणून १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. तेव्हापासून घरोघरी हाच पेच आहे: सरकारी की खासगी? फीमधला फरक वर्षाला लाखाच्या घरात सहज जातो.

आता तो आकडा. साठ मुलांचा वर्ग पगाराप्रमाणे रांगेत उभा करा. जाहिरातीत छापून येतो तो रांगेतला पहिला. तुमचं लेकरू कुठे असेल हे आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणून विचारायचं ते तिसाव्या-एकतिसाव्या मुलाबद्दल. यालाच मध्यक म्हणतात. सरासरी नव्हे, कारण चाळीस लाखांचा एकच गडी सगळ्या वर्गाची सरासरी वर ओढतो. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या कॉलेजांना किती मुलांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे द्यावं लागतं. ही माहिती कॉलेजंच भरतात, तेव्हा मिठाच्या खड्यासकट घ्यावी. आणि नोकरी न लागलेली मुलं मध्यकाच्या हिशेबात नसतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. तरीही फ्लेक्सपेक्षा हे बरं. आता हा मध्यक कर्जाच्या हप्त्याशेजारी ठेवा. दहा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे १३,२०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण पावणेसोळा लाखांच्या वर जातात. मधल्या मुलाचा पगार वर्षाला साडेतीन लाख असेल, तर हातात येणाऱ्या रकमेतला जवळपास निम्मा बँकेचा. मग बाविसाव्या वर्षी ना पुढे शिकायची मुभा, ना नावडती नोकरी सोडायची.

यावर उत्तरं येतील, आणि ती पोकळ नाहीत. सरकारी कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावर काम चालतं, खरं आहे. तिथल्या चांगल्या निकालाचं बरंचसं श्रेय सीईटीच्या चाळणीला जातं, हेही खरं. पण मग महागड्या कॉलेजच्या पहिल्या मुलाचं श्रेय त्याच्या फीला कसं द्यायचं? तोही बहुधा कुठेही चमकला असता. सरकारीत सिव्हिल आणि खासगीत कॉम्प्युटर मिळत असेल, तर मुलाची ओढ आधी बघावी, हे मान्य. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, कॅपमधून प्रवेश घेतल्यास, राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली; तिथे तराजू खासगीकडे झुकू शकतो. म्हणजे खासगी वाईट असा निकाल इथे नाही. जास्तीची फी मधल्या मुलाला काय देते, हे दाखवायची जबाबदारी फी मागणाऱ्याची आहे, एवढंच. तो आकडा ज्या कॉलेजच्या काउंटरवर मिळत नाही, तिथे चेकबुक खिशातच राहू द्यावं.